वीस पैसे

धैदच्या सनैयात ऑगस्ट म्हणजे
पाना उन्हात ठेवला तर चटक्यानं धरवत नाही,
सावलीत ठेवला तर घामानं.

दोन दिवस झाले, एक नट सुटत नाही.

सुहैलची साडेचारशेची बाइक,
बदायरच्या टेकाडांवर पोरानं पिदडलेली.
फिल्टरमधून वाळू आत शिरली,
पिस्टनच्या रिंगा खाऊन बसली.
हेड उतरवलं, सिलिंडर उतरवला,
क्लचच्या प्लेटा टबात भिजत घातल्या,
सगळं निघालं शहाण्यासारखं.
क्रँकच्या टोकाचा हा एवढा एक
जावयासारखा रुसून बसला.

तेल पाजलं. रात्रभर मुरू दिलं.
हातोडीनं चुचकारलं.
गन लावली तर गनच थरथरली,
कॉम्प्रेसर दमला, पत्रा तेवढा वाजत राहिला.
तिलक म्हणाला, गॅस लावू का, उस्ताद?
लावला, पण हात राखून.
मागं रबराचं सील आहे.
रागापुढं रबर टिकत नाही.

मग चष्मा पुसून नीट बघितलं.
नटाच्या कडेवर पंचाचे दोन टोले,
अगदी समोरासमोर,
आणि आट्यांच्या फटीत
लाल थेंब, वाळलेला.

म्हणजे नियामत.

दोन टोले मारून, वर लाल गोंद भरून कसणारा
या गल्लीत दुसरा कुणी नव्हता.
"खुलना नहीं चाहिए," म्हणायचा
आणि पान्याला लटकायचा सबंध देहानं,
बन्नूचा गडी, नव्वद किलो.
मी म्हणायचो, अरे, पुढं कुणाला तरी खोलायचं असतं.
तो म्हणायचा, "तू है ना."

मार्चात त्याचा व्हिसा संपला.
फोन लावला की एक बाई
पश्तोत काहीतरी समजावून सांगते.
मी ऐकून घेतो.

त्याचा खण मी उघडला नव्हता.
आज गिअर अडवायला मऊ काहीतरी हवं होतं,
दातांत अडकेल पण दात मोडणार नाही असं.
खणात नसवारची रिकामी डबी,
काळा पडलेला प्लग, एक पायमोजा,
आणि तळाशी वीस पैसे.
ॲल्युमिनियमचे, सहा कोनी,
आता कुठल्याच देशात न चालणारे.
पहिल्या वर्षी पैजेत मीच हरलो होतो त्याला.
"ये तो इंडिया का नट है," म्हणून
केवढा हसला होता.

उजेडात धरलं.
नाण्यावर दातांच्या दोन खाचा.
म्हणजे कसताना त्यानं हेच लावलं होतं.

नाणं गिअरच्या दातांत दिलं.
पान्याला चार फुटी पाइप चढवला.
तिलकला म्हटलं, तू नुसतं इंजिन धर,
आणि लटकलो, सबंध देहानं.
माझे अठ्ठावन्न किलो.

कट्.

तुटलं की सुटलं?
पहिल्या क्षणी दोन्हींचा आवाज एकच असतो.
तिलक माझ्याकडं बघत राहिला,
मी नटाकडं.
मग बोटांनी फिरवून पाहिला,
आणि आला तो, आट्यामागून आटा,
गरम,
शेवटपर्यंत थोडा कुरकुरत.

चौथ्या दिवशी नवा नट चढवला.
नाणं परत लागलं, या खेपेला दुसऱ्या अंगानं;
खाचा आता मोजत नाही.
तिलकनं लाल बाटली पुढं केली.
मी निळी मागितली.
निळं धरतं, पण वेळ आली की ऐकतं.
पुढं कुणी खोलेल,
तिलक खोलेल, नाहीतर तिलकनंतरचा कुणी,
त्याचे दोन दिवस वाचतील.

पंच उचलला, परत ठेवला.
हात पुसले.
मग मारलाच एक टोला.
एकच.